पाय पुढे, डोकं मागे
कोलाडजवळ कुंडलिकेत राफ्टिंग चालतं ते भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर. राफ्टमधून पडलात तर काय, हा धडा निघण्याआधीच मिळतो. उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायांची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. खडक आला की तो तळव्यांवर झेलायचा.

खरा घात होतो उभं राहण्याच्या धडपडीत. कमरेइतकं पाणी बघून माणूस पाय टेकतो, पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं आणि मागून येणारी धार त्याला तोंडावर पाडते. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. पट्टीचा पोहणाराही तिथे हतबल. पाणी गुडघ्याखाली येईपर्यंत उभं राहायचंच नाही.

काठ गाठायचा तो तिरकं पोहत, शक्यतो वळणाच्या आतल्या बाजूला. तिथे धार मंदावते. पाण्यात आडवं झाड दिसलं तर चुकवा. नाहीच जमलं तर पालथे होऊन जोर लावा आणि फांद्यांवर चढा, खालून जाऊ नका. काठावरून दोर आला तर छातीशी धरा, मनगटाला गुंडाळू नका.