आजीचं गाव कोणतं?

'आलम आरा' १९३१ साली पडद्यावर आला, तो जोसेफ डेव्हिड यांच्या नाटकावरून. हे जोसेफ डेव्हिड म्हणजे पेणकर. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस हे राजपूरकर, आणि चित्रपटांतले आपले लाडके डेव्हिड चेऊलकर. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी समाजाच्या, आडनावांचा हा नाद मला फार वर्षांपासून आहे, आणि रोह्याला गेलं की तो उफाळून येतो. कुंडलिकेच्या या काठाचे रोहेकर, पलीकडचे अष्टमकर; मधे फक्त नदी.

या समाजाच्या पूर्वजांचं नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून पडलेलं शनिवार तेली हे नाव, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. मला कुतूहल आहे ते पुढच्या काळाचं. पेणमध्ये राहणाऱ्याला कोण कशाला पेणकर म्हणेल? गाव सुटलं की गावाचं नाव माणसाला लागतं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून ही मंडळी मुंबईला जाऊ लागली, तशी शंभराहून अधिक गावं आडनावांत जाऊन बसली. म्हणून दोन पेणकर एका कुळातले असतीलच असं नाही, एका धर्माचेही नसतील.

मूळ नावांवर तर मराठीचा दाट लेप होता. कंपनीच्या पलटणीतले सामाजी हसाजी दिवेकर टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवीला बेने इस्राएलांचं पहिलं प्रार्थनागृह बांधलं. हेच सॅम्युएल इझिकिएल. पुढे मिशनऱ्यांच्या शाळा आल्या, जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, बायबल मराठीत वाचायला मिळालं, आणि सामाजींचे नातू पुन्हा सॅम्युएल झाले. मग इंग्रजी धाटणीने बापाचं नावच आडनावाच्या जागी आलं आणि गाव गळून पडलं. पूर्वज शोधणाऱ्याला त्यामुळे एकाच घरासाठी तीन-तीन नावं धुंडाळावी लागतात. कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीच्या वंशजांचंही असंच आहे. १६६५ साली तिथे उतरलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या शिपायांची लष्करी टोपणनावं पुढे कित्येक घराण्यांची आडनावं होऊन बसली.

समाजाचा इतिहास लिहिला तो हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी. १८९७ साली लिहून झालेलं हे पुस्तक छापलं गेलं थेट १९३७ साली, तेही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. आज ज्याला या समाजाचं काही शोधायचं असेल, त्याला या पुस्तकापाशी यावंच लागतं.

पण या आडनावांची खरी परीक्षा झाली ती ही मंडळी इस्राएलमध्ये गेल्यावर. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बीपीठाने विवाह नोंदणाऱ्यांना आदेश दिला: बेने इस्राएल वधू किंवा वर इतर ज्यूंशी लग्न करणार असेल, तर त्याची आई, आजी आणि त्यामागे जमेल तितक्या पिढ्या तपासा. यहुदी वंश आईकडून मोजतात, म्हणून ही चौकशी. कोकणातून गेलेल्या माणसाच्या हाती काय होतं? बापाच्या गावाचं आडनाव. आजी लग्न होऊन पेणकरांच्या घरात आली की पेणकरीण झाली. तिचं माहेर रोहं की तळं, हे त्या आडनावात नाही. लग्नाच्या करारपत्रातही नवरी अमक्याची मुलगी, एवढंच. ज्यांनी शतकानुशतकं शनिवारी घाणा बंद ठेवला, मुलांची आठव्या दिवशी सुंता केली, त्यांच्याकडे कागद मागणं हा धडधडीत अन्याय होता. लोक चिडले, जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत. त्यानंतर रब्बीपीठाने आदेशातून त्यांचं नाव काढलं.

पेणचं प्रार्थनागृह १८६३ सालचं. पूर्वजांच्या शोधात पेणला येणाऱ्यांनी ते पाहावंच. पण त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांपाशी बसावं, आणि आजीचं, पणजीचं माहेर विचारून नावासकट लिहून घ्यावं.