हनीपॉट: हॅकरसाठी मांडलेला खोटा सर्व्हर

"तळ्यात कोण हॅकर येतोय?" रायगड जिल्ह्यातल्या तळा गावात नगरपंचायत असो, पतपेढी असो की सेतू केंद्र, संगणकाच्या सुरक्षेचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. तळ्याला यायचं तर माणसाला मुंबई-गोवा महामार्गावर इंदापूरला वळावं लागतं. हल्ला करणाऱ्या प्रोग्रामला गाव दिसतच नाही, दिसतो फक्त आयपी पत्ता. वेगवान जोडणी असेल तर एकाच संगणकावरून आयपीव्ही४चे सगळे सार्वजनिक पत्ते पाऊण तासात चाचपून होतात, हे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्येच दाखवून दिलं.

त्याच सुमारास ट्रेंड मायक्रो कंपनीने अमेरिकेतल्या एका छोट्या गावाच्या पाणीयोजनेसारखे खोटे संगणक इंटरनेटवर मांडले. पंप खोटा, दाबाचे आकडे खोटे. पहिला हल्ला १८ तासांत आला. २८ दिवसांत १४ देशांतून ३९ हल्ले झाले. तळ्याएवढ्या गावाचा पंपही कोणाला तरी हवाच असतो!

अशा खोट्या सर्व्हरला हनीपॉट म्हणतात. त्याची खरी ताकद एका साध्या गोष्टीत आहे: तिथे कोणाचंच काही काम नसतं. खऱ्या सर्व्हरच्या हजारो नोंदींतून चोर शोधायचा म्हणजे जत्रेत खिसेकापू हुडकण्यासारखं. हनीपॉटवर मात्र जो येईल तो संशयितच.

'हे मोठ्या कंपन्यांचं, खर्चिक काम' असंही म्हटलं जातं. काऊरी नावाचा हनीपॉट फुकट मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो. पाहुणा 'रूट' या नावाने एखादा सोपा पासवर्ड देतो. काऊरी त्याला आत घेतो, खोट्या फायली दाखवतो. पाहुणा आधी प्रोसेसर कोणता ते विचारतो, मग दुसरीकडून एक फाइल उतरवून चालवायला बघतो. काऊरी ती फाइल चालवत नाही, अभ्यासासाठी ठेवून घेतो. दाबलेली प्रत्येक कळ नोंदवलेली असते. आज्ञा क्षणात धडाधड आल्या तर समोर यंत्र आहे असं धरायचं. मध्येच चूक करून अक्षरं खोडली गेली तर बहुधा माणूस. खर्च पैशाचा नाही, लक्षाचा आहे. हनीपॉट खऱ्या नेटवर्कपासून नीट तोडलेला नसेल तर तोच चोराची शिडी होतो. नोंदी वाचायला माणूस नसेल तर हनीपॉट न बसवलेलाच बरा.

'यात हॅकर पकडला जातो' हा समज सिनेमातून आलेला. १९८६ मध्ये संगणक सांभाळणाऱ्या क्लिफर्ड स्टोल यांना अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेत ७५ सेंटचा हिशेब लागेना, तिथून एका घुसखोराचा माग लागला. तो जास्त वेळ जोडलेला राहावा म्हणून त्यांनी खोट्या गुप्त फायली पेरल्या. शेवटी तो जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये सापडला. पण त्यासाठी दोन देशांच्या यंत्रणा आणि टेलिफोन कंपन्या राबल्या. आज नोंदीत दिसणारा पत्ता बहुतेकदा दुसऱ्याच एखाद्या बळीचा असतो, कोणाच्या तरी दुकानातल्या सीसीटीव्ही रेकॉर्डरचा. रागाने त्यावर उलटा हल्ला केलात तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली तुम्हीच आरोपी व्हाल. स्वतःच्या जागेत खोटा सर्व्हर ठेवणं हा मात्र गुन्हा नाही.

'हनीपॉट बसवला, आता निर्धास्त' हेही चूक. २७ जून २०१७ रोजी आपल्याच रायगड जिल्ह्यात, न्हावा-शेवा बंदरात, मेर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या घातक प्रोग्रामने ठप्प केलं. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि कंपनीच्या स्वतःच्याच जाळ्यातून पसरला. बंदराच्या वेशीवर मांडलेल्या हनीपॉटला त्याचा पत्ताही लागला नसता. आतल्या जाळ्यात हनीपॉट असता तर इशारा मिळाला असता. पण ते विष इतक्या झपाट्याने पसरलं की इशारा वाचायला किती वेळ मिळाला असता, शंकाच आहे.

तळ्यातल्या कार्यालयांनी म्हणून क्रम उलटा करू नये. आधी वायफाय राउटर आणि सीसीटीव्ही रेकॉर्डरचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने असे साठेक पासवर्ड वापरूनच लाखो उपकरणं ताब्यात घेतली होती. बॅकअप वेगळा ठेवा. घुसखोरी झालीच तर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणं २०२२ पासून बंधनकारक आहे, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. हनीपॉटचा विचार त्यानंतर.