कृपा आणि कोठाराच्या किल्ल्या

धर्मसंस्थांच्या इतिहासाकडे पाहण्याची आपली दृष्टी बहुधा दोन टोकांची असते. भाविकाला तेथे केवळ कृपा दिसते, टीकाकाराला केवळ सत्ता. वास्तविक या दोन्ही गोष्टी आरंभापासून एकाच छपराखाली नांदत आल्या आहेत. सत्ता हिशेब मागते, कृपा हिशेब ठेवीत नाही. तरीही एकीवाचून दुसरीचे चालत नाही. ख्रिस्ती मंडळीची पहिली तीन शतके या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तर ती विशेष उद्बोधक वाटावीत. कारण अधिकाराचा एक अगदी पहिला प्रश्न तेथे उपस्थित झाला तो तत्त्वचर्चेतून नव्हे, तर रोजच्या अन्नाच्या वाटपावरून.

बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात यरुशलेममधील आरंभीच्या मंडळीचे वर्णन आहे. लोक आपली शेते व घरे विकीत, आलेला पैसा प्रेषितांच्या चरणी ठेवीत आणि ज्याची जशी गरज तसे त्याला मिळे. हे चित्र आदर्शाचे आहे हे उघड आहे. तथापि पुढची अडचण ग्रंथकाराने लपविलेली नाही. ग्रीक बोलणाऱ्या यहुद्यांतील विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते, अशी कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी तक्रारदारांना संयमाचा उपदेश केला नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडावयास सांगितले आणि हे काम त्यांच्यावर सोपविले. सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती वाटप गेले असावे, असे अनुमान त्यावरून करता येते. व्यवस्था नव्हती तेव्हा पक्षपात झाला. अधिकार वाटून दिल्यावर तो दूर करण्याची वाट सापडली.

त्याच ग्रंथातील शोमरोनच्या शिमोनाची कथा याची दुसरी बाजू दाखविते. प्रेषितांनी मस्तकावर हात ठेवताच लोकांना पवित्र आत्मा मिळतो, हे पाहून या जादूगाराने ते सामर्थ्य विकत मागितले. पेत्राने त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. पुढे धर्मपदांच्या खरेदीविक्रीला युरोपीय भाषांतून याच शिमोनाचे नाव मिळाले. हा व्यवहार इतका वाढला की त्याला स्वतंत्र शब्द लागावा, यातच पुढचा बराच इतिहास आला.

पौलाने पहिल्या शतकाच्या मध्यास यरुशलेमच्या गरिबांसाठी ग्रीक मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ईश्वरी कृपेसाठी येणारा ‘खारिस’ हाच शब्द तो या वर्गणीलाही लावतो. मात्र कृपेचे नाव दिले म्हणून त्याने हिशेब सोडला नाही. आपल्यावर कोणी दोष ठेवू नये, यासाठी मंडळ्यांनी निवडलेली माणसे त्याने सोबत घेतली. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी ही सावधगिरी आहे.

दुसऱ्या शतकात निधी वाढला, तसा तो सांभाळणारा मंडळीचा अध्यक्ष म्हणजे बिशप प्रबळ होत गेला. तरीही पैशापुढे मान तुकविण्याची वृत्ती सर्वस्वी बळावली नव्हती. मार्सियन नावाच्या श्रीमंत जहाजमालकाने रोमच्या मंडळीला 2 लाख सेस्टर्स दिले होते. सुमारे इ. स. 144 मध्ये त्याच्या मतांमुळे त्याला बाहेर काढताना मंडळीने ती रक्कमही परत केली. इ. स. 251 च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने एका पत्रात आपल्या मंडळीची गणती दिली आहे. तीत 46 वडील, 7 डिकन, 7 उपडिकन, आणखी 94 कनिष्ठ सेवक आणि 1500 हून अधिक विधवा व दीनजन आढळतात. या सर्वांचे पोषण प्रभूच्या कृपेने होते, असे तो म्हणतो. ते त्याच्या श्रद्धेला धरूनच होते. परंतु त्या कृपेचे कोठार बिशपच्या देखरेखीखाली होते, हेही तितकेच खरे.

याच सुमारास कार्थेज येथे प्रश्न पैशाच्या पलीकडे गेला. सम्राट डेसियसने सर्वांना देवतांपुढे बळी अर्पण करण्याचा हुकूम काढला. अनेक ख्रिस्ती लोक भीतीने वाकले. कित्येकांनी बळी दिल्याचे खोटे दाखले विकत घेतले. संकट ओसरू लागताच त्यांना मंडळीत परतावेसे वाटू लागले. तुरुंगवास सोसलेल्यांनी अशा लोकांना क्षमेच्या शिफारशी सढळपणे लिहून दिल्या. बिशप सिप्रियनने त्या तशाच मान्य करण्यास नकार दिला. क्षमेचा निर्णय बिशपनेच विचारविनिमय करून द्यावा, अशी त्याची भूमिका होती. एकीकडे यातनांनी मिळविलेले नैतिक बळ, दुसरीकडे पदाचा अधिकार. सिप्रियन स्वतः त्या छळात अज्ञातवासात गेला होता, हे विरोधक विसरले नव्हते. इ. स. 251 च्या धर्मसभेने ज्याच्या त्याच्या दोषाप्रमाणे प्रायश्चित्त ठरविले. वशिल्याने मिळणाऱ्या क्षमेपेक्षा हा मार्ग न्याय्य होता. मात्र क्षमेची किल्ली त्यामुळे बिशपच्या हाती पक्की झाली. पुढे इ. स. 258 मध्ये सिप्रियनने हौतात्म्य पत्करून आपल्या अधिकाराची किंमत स्वतः मोजली. त्याच्यामागून त्या पदावर येणारा प्रत्येक जण ती मोजेलच, अशी हमी कोण देणार?

इ. स. 313 मध्ये ख्रिस्ती धर्माला राजमान्यता मिळाली आणि 321 मध्ये चर्चला मृत्युपत्राद्वारे मालमत्ता देण्याची कायदेशीर मुभा झाली. जी संस्था सदस्यांच्या वर्गणीवर जगत होती, तिला आता राजाश्रय व जमिनी मिळू लागल्या. देणाऱ्याचा अंकुश त्यामुळे सैल झाला.

सत्तेने कृपेला बाटविले, असा सरळ निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. अधिकारी नसते तर रोमच्या त्या दीड हजार निराधारांना अन्न कोणी पोचविले असते? प्रश्न सत्ता असावी की नसावी हा नाही. ती कोणाला उत्तरदायी असावी, हा आहे. दीनांच्या नावाने निधी जमविणाऱ्या कोणत्याही संस्थेची परीक्षा तिच्या उत्सवात किंवा अहवालात होत नाही. पंक्तीच्या शेवटी बसलेली विधवा तक्रार करते, तेव्हा ती संस्था काय करते, यात ती होते. यरुशलेमच्या मंडळीने अशा वेळी किल्ल्या दुसऱ्यांच्या हाती दिल्या. कृपेचे नाव सांगणाऱ्या सत्तेकडून एवढी अपेक्षा करण्याचा अधिकार सर्वांनाच आहे.