चेहरा उसना, सांधे स्वतःचे

अंगाचा रंग जांभळा, चेहऱ्याच्या जागी एकच पेटता डोळा आणि डावा हात म्हणजे थेट तोफेची नळी. रूप बदलणाऱ्या रोबोंची ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही जुनी कार्टून मालिका पाहिलेला कुणीही सांगेल की हा शॉकवेव्ह. खोक्यावर मात्र नाव आहे ‘क्वेकवेव्ह’ आणि कंपनी आहे फॅन्स टॉइज. या पात्रांचे कायदेशीर मालक दोन, अमेरिकेची हॅस्ब्रो आणि जपानची ताकारा टॉमी. दोघांचाही खोक्यावर उल्लेख नाही. अशा खेळण्यांच्या छातीवर ऑटोबॉट किंवा डिसेप्टिकॉन या गटांचं चिन्हही नसतं. तेवढी जागा कोरी सोडलेली असते, स्टिकर गिऱ्हाइकानं आपला आणून चिकटवायचा. हा क्वेकवेव्ह बाजारात आला 2013-14 च्या सुमारास. ताकारा टॉमीला आपल्या महागड्या ‘मास्टरपीस’ मालिकेत स्वतःचा शॉकवेव्ह आणायला 2016 साल उजाडलं.

या प्रकाराला संग्राहक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. विकणारा मालक आणि घेणारा गिऱ्हाईक हे दोघे सोडून मध्येच घुसलेला हा तिसरा.

चोरी म्हणून विषय संपवणं सोपं आहे, पण शॉकवेव्हचं मूळ शोधू गेलं तर पंचाईत होते. 1984 मध्ये हॅस्ब्रोनं ट्रान्सफॉर्मर्स अमेरिकेत आणले, तेव्हा त्यातला एकही साचा हॅस्ब्रोनं घडवलेला नव्हता. ती सगळी खेळणी ताकाराच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रो चेंज’ या मालिकांतून उचललेली होती, अर्थात रीतसर करार करून. ऑप्टिमस प्राइम तिथे ‘बॅटल कॉन्व्हॉय’ होता आणि त्याला चालवायला चुंबकाच्या पायांचा बोटभर चालक मिळायचा. मेगाट्रॉन म्हणजे वॉल्थर पी-38 पिस्तूल. यांतल्या बहुतेकांना नावं आणि स्वभाव दिले ते मार्व्हल कॉमिक्सच्या बॉब बुडियान्स्कीनं. पुढच्याच वर्षी आलेला शॉकवेव्ह तर ताकाराचाही नव्हता. ते दुसऱ्याच एका जपानी कंपनीचं ‘अ‍ॅस्ट्रो मॅग्नम’ नावाचं खेळणं. तेच खेळणं रेडिओ शॅकच्या दुकानांत करड्या रंगात ‘गॅलॅक्टिक मॅन’ म्हणून विकलं जात होतं. जेटफायरची गंमत आणखी वेगळी. तो ‘मॅक्रॉस’ मालिकेतल्या विमानाचा साचा. हा साचा पुढे ताकाराच्या स्पर्धक बँदाईकडे गेला, आणि कार्टूनमध्ये त्याचं रूपही बदललं अन् नावही. तिथे तो स्कायफायर झाला.

मग ही तिसरी मंडळी उगवली कुठून? माझ्या मते त्यांना जागा करून दिली ती कार्टूननंच. शोहेई कोहारा आणि फ्लोरो डेरी यांनी खेळण्यांवरून पडद्यासाठी चित्रं बेतली, तेव्हा ठोकळ्यांची माणसं केली. आयर्नहाइडचं मूळ खेळणं पाहिलं तर हसू येतं. त्याला डोकंच नाही. गाडीच्या काचेमागच्या सीटवर चेहऱ्याचा स्टिकर चिकटवलेला. पडद्यावर मात्र तो चांगला धिप्पाड, खरखरीत आवाजाचा गडी. पोरांनी जीव लावला पडद्यावरच्या आयर्नहाइडला आणि हातात आलं सीटवर स्टिकर असलेलं यंत्र. ती पोरं 2007 च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सिनेमापर्यंत कमावती झाली होती, आणि त्यांना पडद्यावरचाच आयर्नहाइड हवा होता.

सुरुवात पुरवणीच्या मालानं झाली. हॅस्ब्रोनं अल्ट्रा मॅग्नस म्हणून नुसता पांढरा ऑप्टिमस विकला होता. त्याचं ओळखीचं निळं-तांबडं चिलखत त्यात नव्हतं. फॅन्सप्रोजेक्ट नावाच्या कंपनीनं 2008 मध्ये ‘सिटी कमांडर’ या नावानं फक्त चिलखत काढलं. आतला रोबो हॅस्ब्रोचाच घ्यावा लागे. पुढे चिलखतावरून गाडी अख्ख्या रोबोवर आली. टीएफसी टॉइजनं ‘हर्क्युलिस’ काढला, सहा बांधकाम-वाहनं जोडून होणारा महाकाय, म्हणजेच डेव्हस्टेटर. एक-एक वाहन वेगळं विकत घ्यायचं, पुढच्याची वाट पाहायची. अख्खा गडी उभा राहीपर्यंत पाचशेच्या वर डॉलर गेलेले असत. हॅस्ब्रोनं 2015 मध्ये आपला मोठा डेव्हस्टेटर आणला खरा, पण त्यातल्या सुट्या रोबोंचे हात कोपरात वाकत नव्हते. ती सोय ताकारा टॉमीच्या जपानी आवृत्तीत झाली.

कोपराला हॅस्ब्रो का कचरते? कारण तिचं खेळणं ठरलेल्या किमतीच्या वर्गात बसवावं लागतं. प्रत्येक जादा सांधा म्हणजे जादा भाग, जादा रंगकाम, जादा जोडणी. शिवाय ते लहान मुलांच्या हातात जाणार, म्हणून टोकं बोथट हवीत आणि पडलं तरी तुकडे होता कामा नयेत. थर्ड पार्टीवाला यातलं फारसं काही मानत नाही. त्याचा गिऱ्हाईक चाळिशीचा. एका रोबोला शंभर-दोनशे डॉलर मोजायची त्याची तयारी असते. नग मोजके निघतात, पोलादी साच्याचा खर्च मात्र तेवढाच, म्हणून किंमत चढते.

खरी कारागिरी रूपांतरात आहे. कार्टूनमध्ये ट्रकचा रोबो होताना नको असलेले भाग सरळ अदृश्य होतात. प्लास्टिक असं नाहीसं होत नाही. चाकं, दारं, टप, सगळं अंगातच कुठेतरी मुरवावं लागतं. ते जमलं नाही की रोबो विंचवासारखा बिऱ्हाड पाठीवर घेऊन उभा राहतो. यावर एक तोडगा निघाला आहे. खरी काच पाठीत घडी करून लपवायची आणि छातीवर हुबेहूब खोटी काच बसवायची. दिसायला चित्रासारखं होतं, पण मला ही पळवाट वाटते. ट्रकची काचच रोबोची छाती होते, सगळी मजा तर त्यातच आहे. या वादावर संग्राहक रात्र घालवू शकतात.

त्यात एबीएस प्लास्टिक साच्यातून निघाल्यावर थंड होताना साधारण अर्धा टक्का आकसतं. पन्नास-साठ भाग एकमेकांत बसवायचे असताना हा अर्धा टक्का नडतो. एखादी खुंटी खाचेत जात नाही, एखादा सांधा इतका सैल की हात आपोआप खाली येतो. सैल गोळीच्या सांध्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवून वाळू देणं हा जगभरचा घरगुती इलाज आहे. सुटा भाग बदलून मिळणं मात्र बहुतेक विकणाऱ्याच्या मर्जीवर.

आपल्याकडे हा छंद आणखी महाग पडतो. आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 वर गेलं आणि 2023 मध्ये 70 वर. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्रही सक्तीचं झालं. चीनमधली छोटी कंपनी काही हजार नगांसाठी असल्या फंदात पडत नाही, म्हणून मुंबई-पुण्यातल्या दुकानांत हा माल राजरोस दिसत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये स्वस्तात मिळतो तो निराळाच प्रकार, ‘नॉकऑफ’, म्हणजे दुसऱ्याच्या खेळण्यावरून काढलेली सरळ नक्कल.

हा फरक थर्ड पार्टीच्या गिऱ्हाइकांना फार महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या मते थर्ड पार्टीवाला पात्र उचलतो, पण सांधे आपल्या डोक्यानं रचतो. नक्कलवाला सांधेही उचलतो. वेई जियांग या चिनी कंपनीनं ताकारा टॉमीचा मास्टरपीस ऑप्टिमस आकारानं वाढवून, धातूचे भाग घालून विकला. नाकं मुरडणाऱ्यांपैकीही कित्येकांनी तो घेतला. कायद्याला या नाजूक फरकाशी फार देणंघेणं नाही. पात्राचं रूप हॅस्ब्रोचं, मग सांधा कितीही नवा असो.

या आडमार्गाची खरी किंमत रचनाकार मोजतात. ताकाराच्या हिदेआकी योके यांना 2010 मध्ये ट्रान्सफॉर्मर्सच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये मान मिळाला. क्वेकवेव्हचे सांधे कुणी रचले हे बहुतेक खरेदीदारांना ठाऊक नाही. फार तर एखादं टोपणनाव कानावर येतं. आणि थर्ड पार्टीच्या मालाचीही पुढे नक्कल होते. संग्राहकांच्या भाषेत ती ‘फोर्थ पार्टी’, मूळ खेळण्याच्या निम्म्या किमतीत. तेव्हा मूळ रचनाकारानं कोर्टात जायचं म्हटलं, तर पहिला प्रश्न येईल तो चेहऱ्याच्या मालकीचा.