नंबर तोच, वाट दुसरी

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की नागाव-चौलच्या टापूत घरोघरी पाट्या दिसतात. 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय', 'ताजी मासळी मिळेल' आणि खाली ऑइलपेंटने रंगवलेला दहा आकडी मोबाइल नंबर. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, रंग उडतो, पाटी पुन्हा रंगवली जाते. आकडे मात्र तेच राहतात. कारण गेल्या मे महिन्यात राहून गेलेलं बिऱ्हाड या मे महिन्यात त्याच आकड्यांवर फोन करणार असतं. वाडीतल्या नारळी-पोफळीसारखी हीसुद्धा त्या घराची मिळकतच.

ही मिळकत एके काळी कंपनीच्या खुंटीला बांधलेली होती. कंपनी सोडली की नंबर गेला. देशभर ही गाठ सुटली ती 20 जानेवारी 2011 रोजी. त्याआधी 25 नोव्हेंबर 2010 ला हरियाणात सुरुवात झाली होती, आणि जगात ही गाठ सोडवण्याचा मान सर्वांत आधी, 1997 मध्ये, सिंगापूरने मिळवला होता. आज आपण 'पोर्ट केलं' असं सहज म्हणतो. पण त्या पोर्ट करण्यात पडद्याआड काय घडतं ते पाहिलं, तर खरोखर थक्क व्हायला होतं.

मुळात फोन नंबर म्हणजे पत्ता होता. अलिबागच्या लँडलाइनला 02141 लावायचं, पेणला 02143. पनवेल त्याच रायगड जिल्ह्यातलं, पण तिथे मुंबईचा 022. प्रत्येक आकडा एक्सचेंजला पुढची वाट दाखवायचा. मोबाइल आला तेव्हा हीच रीत चालू राहिली. 9822 म्हटलं की महाराष्ट्र सर्कलमधली, म्हणजे टेलिफोनच्या महाराष्ट्र विभागातली, आयडिया, 9422 म्हटलं की बीएसएनएल, हे आकडे ऐकूनच कळायचं. यंत्रालाही तेवढंच कळायचं: पहिले चार-पाच आकडे पाहा आणि कॉल त्या कंपनीच्या दारात नेऊन सोडा.

मग नंबर कंपनी बदलू लागले, तेव्हा आकड्यांनी दाखवलेली वाटच चुकीची ठरू लागली. 9822 वाला गृहस्थ आता जिओत असेल, तर कॉलने जायचं कुठे?

ब्रिटनने 1999 मध्ये याचं एक उत्तर काढलं. कॉल नेहमीप्रमाणे जुन्या कंपनीकडे जाईल आणि ती कंपनी तो नव्या कंपनीकडे पाठवेल. सोपं आहे, पण त्यात ग्राहक सोडून गेला तरी जुन्या कंपनीवरच अवलंबून राहतो. भारताने तो मार्ग घेतला नाही. इथे कॉल जिथून निघतो, त्याच कंपनीने आधी चौकशी करायची असा नियम झाला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो.

एक कॉल डोळ्यांसमोर आणा. दादरहून एअरटेलचा ग्राहक नागावच्या पाटीवरचा 9822 ने सुरू होणारा नंबर लावतो. एअरटेलची यंत्रणा लगेच आयडियाच्या वारसदाराकडे, म्हणजे आजच्या व्हीकडे, धाव घेत नाही. पोर्ट झालेल्या नंबरांच्या मध्यवर्ती नोंदवहीची ताजी प्रत प्रत्येक कंपनीकडे असते. यंत्रणा आधी ती चाळते. नंबर तिथे सापडला, की त्याच्यासमोर चार आकड्यांचा एक मार्गदर्शक क्रमांक मिळतो: सध्याची कंपनी कोणती आणि सर्कल कोणतं. हे चार आकडे नंबराच्या पुढे जोडले जातात आणि कॉल थेट योग्य दारात जातो. लावणाऱ्याला ते दिसत नाहीत, घेणाऱ्यालाही नाहीत. गंमत म्हणजे ही चौकशी प्रत्येक कॉलला होते, समोरच्याने नंबर कधीच पोर्ट केलेला नसला तरी.

योग्य दारात पोहोचल्यावर आणखी एक नवल. नेटवर्क तुमच्या सिमला तुमच्या नंबराने ओळखतच नाही. सिमची स्वतःची 15 आकड्यांची ओळख असते, भारतात ती 404 किंवा 405 ने सुरू होते. नवी कंपनी सिम देते तेव्हा ही ओळख पूर्ण नवी असते. तुमचा जुना नंबर फक्त कंपनीच्या नोंदवहीत त्या ओळखीसमोर लिहिला जातो. ती ओळख शेवटी कुठल्या टॉवरच्या परिसरात दिसली हे पाहून मग नागावच्या ओटीवर फोन वाजतो. लावणाऱ्याने तोवर मोबाइल जेमतेम कानाला लावलेला असतो.

या किनाऱ्याला आणखी एक अडचण होती. मांडवा ते गेटवे हा बोटीचा प्रवास साधारण तासाभराचा, पण टेलिफोनच्या नकाशात तो दोन सर्कलमधला प्रवास. अलिबाग महाराष्ट्र सर्कलमध्ये, समोरची मुंबई वेगळ्या सर्कलमध्ये. 2011 ची सोय सर्कलच्या आतल्या आत होती. नोकरीसाठी मुंबईला बिऱ्हाड हलवणाऱ्या अलिबागकराला नंबर पोर्ट करून मुंबई सर्कलमध्ये नेता येत नव्हता. एक तर रोमिंग सोसायचं, नाही तर नंबर सोडायचा. 3 जुलै 2015 पासून देशभर कुठूनही कुठेही नंबर नेता येऊ लागला आणि मधलं पाणी फोनपुरतं तरी आटलं.

कंपन्याही या काळात भराभर गेल्या. मुंबईतलं लूप 2014 च्या अखेरीस बंद झालं. 2016 मध्ये जिओ आलं, 2018 मध्ये एअरसेल बुडालं, त्याच वर्षी व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. पण बंद पडणाऱ्या कंपनीतून वेळेत बाहेर पडलेल्यांचे नंबर जिवंत राहिले. 'जुन्या कंपनीला विचारायचंच नाही' या निर्णयाचं मोल अशा वेळी कळतं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या गावांचा संपर्क कित्येक दिवस तुटला होता. पोर्टिंगने टॉवर उभा राहत नाही. पण कुणाचा टॉवर आधी उठतो हे पाहून, नंबर न गमावता, तिकडे जाण्याची ताकद ग्राहकाच्या हातात येते.

रीत सोपी आहे. इंग्रजी अक्षरांत 'पोर्ट' लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि 1900 वर एसएमएस करायचा. मोठा रिचार्ज नसला तरी हा एसएमएस जाऊ द्यायचा, असा आदेश दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2021 मध्ये कंपन्यांना दिला आहे. उत्तरात आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. तो आणि ओळखपत्र घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. सर्कल तेच असेल तर कामाचे तीन दिवस, बदलत असेल तर पाच. पोस्टपेडचं बिल थकलेलं असेल किंवा सध्याच्या कंपनीत 90 दिवस झाले नसतील, तर कोडच मिळत नाही. जुलै 2024 पासून सिम बदलून घेतल्यावर पहिले सात दिवसही तो मिळत नाही, कारण बनावट सिम काढून दुसऱ्याचा नंबर पळवण्याचे प्रकार होत होते. प्रीपेडची शिल्लक मात्र सोबत येत नाही. ती आधी संपवा.

आणि एक विनंती. एकदा गेलात की 90 दिवस परत फिरता येत नाही, म्हणून शेजाऱ्याचा फोन हातात घेऊन आपल्या ओटीवर, माजघरात, वाडीत आणि बंदरावर त्या कंपनीचं नेटवर्क लागतं का ते स्वतः पाहा. तो आठ अक्षरी कोड फक्त दुकानात, समोरासमोर द्या. फोनवरून कुणीही मागितला तर सांगू नका.