लोणारची रानफुलं : सप्टेंबरमधला एक पाठ



आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सहल म्हटली की शेगाव, सिंदखेडराजा आणि लोणार ठरलेलंच. पण लोणारला आपण जातो कधी? बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा विवर दिसतं, मंदिरं दिसतात. रानफुलांचा बहर मात्र ओसरलेला असतो. तो पाहायचा तर सप्टेंबरच गाठायला हवा.

फुलांना एवढी घाई का?

लोणारचं विवर उल्कापातानं काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, तयार झालं. व्यास साधारण १.८ किलोमीटर. उभ्या उतारावर माती थोडी, त्यामुळे पाणी वाहून जातं आणि पाऊस थांबला की ओल भराभर आटते. म्हणून एका हंगामात जगणाऱ्या रोपांना उगवणं, फुलणं आणि बी धरणं हे सगळं काही महिन्यांतच उरकावं लागतं.

चिलीतल्या अटाकामा वाळवंटात हीच गोष्ट टोकाला गेलेली दिसते. तिथं बी वर्षानुवर्षं मातीत पडून राहतं आणि पुरेसा पाऊस झाला की वाळवंट फुलतं. मुलांना हे सांगा. मग माळावरचा साधा तरोटाही त्यांना वेगळा दिसेल.

काय दाखवाल?

* कुर्डू : गुलाबी-पांढरी कणसं. सुकलेलं कणीस तळहातावर झटकलं की चकचकीत काळं बी पडतं.
* तेरडा : पिकलेल्या बोंडाला बोट लावा, ते फुटून बी उडतं.
* तरोटा : पिवळी फुलं, लांब बारीक शेंगा. कोवळ्या पानांची भाजी घरोघरी माहीत आहेच.
* कळलावी : हिरवट-पिवळ्या पाकळ्या पुढे लाल होतात. दिसली तर फक्त लांबून पाहायची! सगळी वेल विषारी, कंद तर फारच. निघण्यापूर्वीच मुलांना तिचं चित्र दाखवा.

फूल तोडायचं का?

पूर्वी मीही मुलांना फुलं वहीत चिकटवायला सांगायचो. मग एकदा हिशेब केला. चाळीस मुलं, प्रत्येकी पाच फुलं, म्हणजे दोनशे फुलं गेली. बी धरायच्या आतच! पुढच्या वर्षीच्या मुलांचा पाठ आपणच खुडून टाकत होतो. आता मुलं जागेवर बसून चित्र काढतात, शेजारी जागा आणि तारीख लिहितात. तोडलेलं फूल वहीत काळं पडायचं. काढलेलं चित्र मुलं वर्षभर उघडून बघतात.

जाण्यापूर्वी

लोणार हे अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर पाणथळ स्थळही आहे. वनविभागाला आधी कळवा. विवरात तंबू ठोकायचा नाही. ती हौस आदल्या रात्री शाळेच्या मैदानावर भागवा आणि पहाटे निघा. अंगभर कपडे, बूट, पाण्याची बाटली हवीच. उतार निसरडा असतो, पायवाट सोडू देऊ नका.

पालकहो, लेकरू घरी आल्यावर "किती फुलं आणली?" असं विचारू नका. "काय काय पाहिलं?" असं विचारा.