खंडानंतरची उडी

पोहणे, सायकल चालवणे यांसारख्या गोष्टी एकदा अंगवळणी पडल्या की जन्मभर साथ देतात, अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि ती बरीचशी खरीही आहे. वीस वर्षे विहिरीकडे न फिरकलेला गृहस्थ उन्हाळ्यात गावी गेला आणि पोरांच्या आग्रहाला बळी पडून पाण्यात उतरला, तर दोन-चार घोट पाणी पिऊन का होईना, पण हातपाय मारीत काठाला लागतो. हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उडी घेण्याची विद्या मात्र या जातीची नव्हे. विहिरीत चूक सुधारायला अवसर असतो; काठ कोठे जात नाही. आकाशातून खाली येणाऱ्या माणसाच्या बाबतीत काठच त्याच्याकडे धावत येत असतो. म्हणूनच ज्याने थोड्या उड्या घेतल्या, मग काही कारणाने वर्ष-दोन वर्षे सोडून दिल्या, आणि आता जो पुन्हा विमानाच्या दारात उभा राहू पाहतो, त्या शिकाऊ माणसाचा प्रश्न नवख्या माणसाच्या प्रश्नाहून वेगळा, आणि काही अंशी अधिक अवघड असतो.

जबलपूरच्या रिछाई या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. जबलपूर मराठी माणसाला परके नाही. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून तेथे मराठी घरे नांदत आली, आणि १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच मोडत होते. तोफगाड्या, लष्करी वाहने आणि दारूगोळा यांच्या सरकारी कारखान्यांनी गजबजलेल्या या गावात यंत्राचे भय फारसे कोणाला नसते. अशा तरुणाने हौसेने आकाशातून उडी घ्यायचे मनावर घेतले, तर तो जाणार कोठे? उज्जैनजवळच्या दताना येथील धावपट्टीवर २०२२ पासून मध्य प्रदेशाच्या पर्यटन खात्याच्या पुढाकाराने उड्यांचे उत्सव भरू लागले आहेत. परंतु ते थोड्या दिवसांचे, आणि तेथे येणारा बहुतेक हौशी माणूस प्रशिक्षकाच्या पोटाशी बांधलेला प्रवासी म्हणून खाली येतो. स्वतःची छत्री स्वतः उघडण्याचे शिक्षण घ्यायचे, तर आपल्याकडील बरेचसे नागरिक थायलंड, स्पेन, अमेरिका अशा ठिकाणी जातात. रजा पंधरा दिवसांची, पैसा मोजका. आठ-दहा उड्या होतात न होतात, तोच परतीचे तिकीट समोर दिसू लागते. पुढे पावसाळा येतो, बहिणीचे लग्न निघते, कारखान्यात पाळ्या बदलतात, आणि पाहता पाहता दीड वर्ष उलटते. यात त्या तरुणाचा आळस नाही. किंबहुना आपल्या देशातील हौशी शिकाऊ हा बहुधा खंड पडलेलाच शिकाऊ असतो, असे म्हटले तरी चालेल.

आता या दीड वर्षात तो नेमके काय विसरतो? विचारले तर तो सारे काही घडाघडा सांगेल. विमानातून किती उंचीवर बाहेर पडायचे, कंबर पुढे काढून शरीराची कमान कशी करायची, छत्री कोणत्या उंचीवर उघडायची, ती नीट न उघडल्यास कोणती मूठ आधी ओढायची, हे सर्व त्याला तोंडपाठ असते. ज्ञान शाबूत असते; गेलेली असते ती त्या ज्ञानाची गती. आणि या खेळात गती म्हणजेच सर्वस्व. थोडा हिशोब मांडून पाहावा. विमानातून सुटलेला माणूस पहिले हजार फूट सुमारे दहा सेकंदांत उतरतो. तोवर त्याचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरवर जाऊन स्थिरावतो आणि पुढचे प्रत्येक हजार फूट साडेपाच-सहा सेकंदांत सरतात. तेरा हजार फुटांवर बाहेर पडलेल्या शिकाऊ माणसाने साडेपाच हजारांवर छत्री उघडायची असेल, तर त्याच्या वाट्याला येते जेमतेम पाऊण मिनिट. अडीच हजार फुटांची रेषा ही निर्णयाची. मुख्य छत्री दगा देते आहे असे तोवर ठरले नाही, तर पुढे वाद घालायला जागा उरत नाही. कारण काहीच उघडले नसेल, तर तेथून जमीन अवघी चौदा सेकंद दूर असते. 'ही मूठ की ती?' एवढा एक विचार तीन सेकंद रेंगाळला, तर पाचशे फूट संपले. नित्य सराव असलेल्याला हा विचार करावाच लागत नाही. खंड पडलेल्याला करावा लागतो, आणि आपल्याला तो करावा लागणार आहे याची त्याला जमिनीवर असताना कल्पना नसते. रिछाईतल्या यंत्रापाशी गडबड झाली, तर लाल बटण दाबून यंत्र थांबवता येते. पतनाला असे बटण नाही.

विसरण्याचाही एक विचित्र क्रम असतो. पुन्हा पुन्हा केलेली क्रिया उशिरा पुसली जाते; कधीही प्रत्यक्ष न केलेली सर्वांत आधी. शिकाऊ माणसाने दहा वेळा मुख्य छत्री उघडलेली असते. परंतु बिघडलेली मुख्य छत्री तोडून टाकून राखीव छत्री उघडण्याचा प्रसंग त्याच्यावर बहुधा एकदाही आलेला नसतो. तो त्याने केवळ जमिनीवर टांगलेल्या पट्ट्यांत लोंबकळून गिरवलेला असतो. म्हणजे प्राण ज्या क्रियेवर अवलंबून, नेमकी तीच स्मरणात सर्वांत कच्ची. त्यात साधनांचा फरक पडतो. आजच्या सर्वसामान्य रचनेत उजव्या बाजूची मूठ मुख्य छत्री तोडते आणि डाव्या बाजूची राखीव छत्री उघडते. आधी उजवी, मग डावी. परंतु काही शाळांत शिकाऊंना दोन्ही कामे एकाच मुठीने होतील असा साज देण्याची पद्धत रूढ होती. एका शाळेत एकमुठी साजावर शिकलेला माणूस वर्षभराने दुसऱ्या शाळेत दुमुठी साज चढवून उडाला, तर त्याचा हात संकटात जुन्याच वळणाने जाण्याचा धोका असतो. एक मूठ ओढून तो स्वस्थ राहिला, की मुख्य छत्री गेली आणि राखीव उघडली नाही, असा प्रसंग. पाठीवरची स्वयंचलित पेटी अशा वेळी शेवटच्या हजार फुटांच्या आसपास राखीव छत्री उघडते हे खरे. पण तिच्या भरवशावर उडणे म्हणजे घरात अग्निशामक यंत्र आहे म्हणून चुलीकडे दुर्लक्ष करण्यासारखे आहे.

अमेरिकेतील पॅराशूट संघटनेने म्हणूनच दिवस मोजण्याचा शिरस्ता घातला आहे. शिकाऊ माणसाच्या दोन उड्यांत तीस दिवसांहून अधिक अंतर पडले, तर पुढची उडी प्रशिक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच घ्यायची. पंचवीस उड्या पुऱ्या करून पहिला परवाना मिळवलेल्याला ही मुदत साठ दिवसांची; पुढच्या परवान्यांना अधिक. अनुभव जितका जास्त, तितके विस्मरण सावकाश, हे यामागील तत्त्व. तीस दिवस ही मुदत ऐकून आपल्याकडील शिकाऊ कदाचित हसेल. जिथे एका मोसमातून दुसऱ्या मोसमात जायचे, तिथे तीस दिवसांची काय कथा! पण हसण्याऐवजी त्याने त्या आकड्याशी आपला दीड वर्षाचा आकडा ताडून पाहिलेला बरा.

भयाचाही येथे विचार केला पाहिजे, कारण ते लपवण्याकडे पुरुषमंडळींचा कल असतो. सीमोर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अमेरिकेत छत्रीने उडी घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके, श्वास आणि त्वचेवरील घामाचे प्रमाण मोजले. विमान वर चढत असता नवख्यांची धडधड वाढत वाढत जाऊन उडीच्या क्षणाच्या आसपास शिगेला पोहोचत होती. सराईतांना भय वाटत नव्हते असे नाही; पण त्यांचे भय आधीच उसळून, दाराशी पोहोचेपर्यंत उतरणीला लागत होते. म्हणजे सराईत माणूस निर्भय नसतो. त्याने भय योग्य वेळी उरकून घ्यायला शिकलेले असते. हे वळण उड्यांच्या संख्येने लागते, दिवसांच्या उलटण्याने नव्हे. दहा उड्या आणि दीड वर्षाचा खंड अशी शिदोरी असलेला तरुण मनाने स्वतःला जुना समजतो, परंतु त्याचे शरीर बहुधा नवख्यांच्याच रांगेत उभे असते. दारात पाय लटपटले म्हणजे त्याला लाज वाटते. आणि लाज लपवण्याच्या नादात तो प्रशिक्षकाच्या खुणेकडे पाहायचे विसरतो. पहिल्या उडीच्या वेळी ही लाज नव्हती.

सैन्याने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला आहे. आग्र्याच्या छत्री-प्रशिक्षण शाळेत जवानाला पाच उड्या पुऱ्या केल्यावर छातीवर मानचिन्ह मिळते. त्यांत एक रात्रीची असते. महेंद्रसिंग धोनी यांनी २०१५ साली मानद लेफ्टनंट कर्नल या नात्याने तेथे अशाच पाच उड्या घेतल्या होत्या. सैनिकाची छत्री विमानातील तारेला अडकवलेल्या पट्ट्याने आपोआप उघडते, त्यामुळे त्याच्या डोक्यावरचा निर्णयाचा भार कमी. तरीही जगातील बहुतेक छत्रीसेनांत उडीपूर्वी जमिनीवरची उजळणी केल्याखेरीज कोणालाही विमानात चढू देत नाहीत, मग तो सुभेदार असो की कर्नल. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुसरी मराठा छत्री पलटण बांगलादेशात टांगाइलजवळ उतरली आणि तिने पुंगलीचा पूल ताब्यात घेतला, हा पराक्रम मराठी माणसाला ठाऊक आहे. त्या पराक्रमामागे मैदानात लाकडी चौथऱ्यावरून पुन्हा पुन्हा मारलेल्या कंटाळवाण्या उड्या असतात, ही गोष्ट पोवाड्यात येत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून पुण्याच्या शीतल महाजन यांचे नाव पुढे केले जाते. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी घेतली, तीही सरावाची एकही उडी आधी न घेता. ते साहस अलौकिक होते यात शंका नाही, आणि २०११ साली त्यांना मिळालेली पद्मश्री सर्वथा उचित होती. परंतु त्या एका उडीवरून 'सरावावाचून चालते' असा निष्कर्ष काढणारे त्यानंतरच्या त्यांच्या सातशेहून अधिक उड्या विसरतात. त्यांचे खरे कर्तृत्व मोजायचे, तर ते त्या सातशेंत आहे.

मग रिछाईच्या त्या तरुणाने परतायचे कसे? पहिला दिवस जमिनीवर काढून. हे ऐकताच बहुतेकांचा चेहरा उतरतो, कारण आकाश निरभ्र असते, विमान घरघरत असते, आणि पैसे तर भरून झालेले असतात. पण सारी परतफेड याच दिवशी होते. टांगलेल्या पट्ट्यांत लटकून बिघाडांची चित्रे एकामागून एक पाहायची आणि प्रत्येक वेळी डोळ्यांनी मूठ शोधून, हाताने धरून, क्रम पुरा करायचा. तोंडाने सांगून भागवायचे नाही. उत्तर तत्काळ येऊ लागले, म्हणजे हात जागा झाला असे समजावे. उभ्या वायुबोगद्यात वाऱ्याच्या झोतावर तरंगून शरीराची कमान सुधारता येते, आणि असे बोगदे आता आपल्या देशातही झाले आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र त्यांत छत्री उघडत नाही की जमीन येत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

साधनांची विचारपूसही त्याच दिवशी. राखीव छत्रीची घडी कधी घातली होती? अमेरिकेत ही मुदत १८० दिवसांची असून, घडी घालणाऱ्या अधिकृत कारागिराची मोहोर पाहिल्यावाचून साज पाठीवर चढवीत नाहीत. दीड वर्षात स्वतःचे वजन किती वाढले, हाही प्रश्न संकोच न बाळगता विचारावा. त्याच छत्रीखाली आठ-दहा किलो अधिक भार आला, तर ती अधिक वेगाने उतरते. उंचीमापकाचा काटा उतरण्याच्या मैदानावर शून्याला आणावा लागतो. जबलपूर समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या आसपास उंच आहे; किनाऱ्यावर जुळवलेला काटा तेथे तसाच ठेवला, तर तो जमिनीवरच तेराशे फूट दाखवील.

पहिली उडी शक्य तितकी साधी घ्यावी. कसरत नको, गिरकी नको, मित्राचा हात धरून तरंगणे नको. बाहेर पडणे, कमान करणे, काटा पाहणे, छत्री उघडणे, एवढेच. छत्री उघडल्यावर जो सुटकेचा निःश्वास पडतो, तो मात्र फसवा असतो. बिनबिघाडाच्या छत्रीखालीही माणसे जायबंदी होतात, आणि ती बहुधा शेवटच्या काही फुटांत. हजार फुटांवर वाऱ्याच्या दिशेने, सहाशेंवर आडवे आणि तीनशेंवर वाऱ्याला सामोरे, असा उतरण्याचा चौकोनी मार्ग असतो. तो खंडानंतर हमखास चुकतो, कारण उंचीचा डोळ्यांचा अंदाज मोडलेला असतो. जमिनीपासून दहा-बारा फुटांवर दोन्ही दोऱ्या खाली खेचून वेग मोडायचा, तेथे खंड पडलेला माणूस बहुधा घाई करतो. छत्री थबकते आणि तो वरून धपकन पडतो. खेचण्याची वेळ चुकली असे वाटले, तर दोऱ्या एकदम सोडू नयेत. पाय आणि गुडघे जुळवून, गुडघे किंचित वाकवून, पोटरी, मांडी आणि कुशीवर क्रमाने लोळण घ्यावी. उभे राहून ऐटीत उतरण्याचा मोह त्या दिवशी आवरावा. लोळण घेतलेला माणूस धुळीने माखतो, मैदानावरची मंडळी हसतात. पण घोटे शाबूत राहतात, आणि तिसऱ्या प्रहरी, वारा पडल्यावर, दुसरी उडी त्याच दिवशी घेता येते. परतीच्या उडीनंतर ही दुसरी उडी ज्याला साधेल त्याने अवश्य साधावी, कारण पहिल्या उडीत पाहायचे राहून गेलेले पुष्कळसे दुसरीत दिसते.